शिंगाडी अजून कळीतच आहे

खेमराज दिघोरे दिवसभर खरं लिहितो. मोहाडीच्या तहसील कार्यालयासमोर कडुनिंबाखाली त्याचं टेबल आहे. टेबलाचा एक पाय आखूड असल्यामुळे त्याखाली विटेचा तुकडा ठेवलेला आहे, आणि खेमराजच्या मते तालुक्याचा सगळा कारभार त्या तुकड्यावरच उभा आहे. आता सगळं ऑनलाइन झालं म्हणतात, पण ऑनलाइनच्या खिडकीत जाण्याआधी अर्ज कागदावर लिहून न्यावाच लागतो, आणि तो कागद खेमराजच्या हातचा असला की खिडकीतला माणूस कमी खेकसतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, विहिरीचा अर्ज, वारसाचा अर्ज. प्रत्येकाच्या शेवटी खेमराज एकच वाक्य लिहितो: ‘वरील सर्व माहिती खरी व बरोबर असून ती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.’ पंधरा वर्षांत हे वाक्य त्याने किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. इतकं खरं लिहिल्यावर माणसाला जरासं खोटं लिहायची तहान लागणारच.

मी पहिल्यांदा गेलो तो दाखल्यासाठी. अर्ज लिहिता लिहिता खेमराज चहा सांगायला उठला आणि वाऱ्याने एक कागद माझ्या पायाशी आला. कागदाच्या एका बाजूला कुणाचा तरी खाडाखोड झालेला अर्ज होता. दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘डोंगा आभाळातून सरकत गेला तेव्हा खालच्या गावात घडीभर सावली पडली आणि बायांनी वाळत घातलेलं शेवाळ गोळा केलं.’

मी शिक्षक आहे. मुलांच्या वह्यांत काय काय वाचलं आहे, पण डोंगा, म्हणजे होडी, आभाळातून नेणारं वाक्य वाचलं नव्हतं.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“ते कामाचं नाही जी,” खेमराज म्हणाला आणि कागदावर पेपरवेट म्हणून पाण्याची बाटली ठेवली. “ते खोटं आहे.”

इथून आमची ओळख झाली. पुढचं मी टप्प्याटप्प्याने ऐकलं. काही त्याच्याकडून, काही त्याच्या बायकोकडून, आणि बायकोकडचं जास्त भरवशाचं.

खेमराजला अद्भुत कादंबरी लिहायची होती. ती इच्छा कॉलेजात असल्यापासूनची. टीव्हीवर हिंदीतून बोलणारे परदेशी राक्षस त्याने भरपूर पाहिले होते, त्यामुळे पहिली कादंबरी त्याने बर्फाच्या डोंगरावर घडवली. राजपुत्र, शाप, पंखांचा अजगर, सगळं जागच्या जागी. दोनशे पानं झाल्यावर त्याने ती ज्योत्सनाला, म्हणजे बायकोला, वाचायला दिली. ज्योत्सना बारावीपर्यंत शिकलेली आणि तांदूळ निवडता निवडता वाचणारी. तिच्या बोटांतून खडा सुटत नाही. चौथ्या दिवशी तिने वही परत केली.

“का जी, तुमच्या बर्फाले मासोळीचा वास काहून येऊन राहिला?”

“कोठी?”

“हे काय. ‘राजपुत्राने बर्फावरचा भुसा झटकला व तो पुढे निघाला.’ हिमालयात भुसा कोण टाकते?”

खेमराजने आयुष्यात बर्फ पाहिला होता तो एकाच ठिकाणी, मच्छीमार सोसायटीच्या पेटीत. कारखान्यातून लादी यायची, ती वितळू नये म्हणून धानाच्या भुशात पुरायची, आणि मग फोडून मासोळीवर पसरायची. त्याने प्रामाणिकपणे डोळ्यांसमोरचाच बर्फ लिहिला होता. त्याच्या अजगराचे पंखही दोरीवर वाळवलेल्या मासोळीसारखे कडकड वाजत होते. ज्योत्सना हसून हसून लाल झाली, आणि मग थांबून म्हणाली, “तुम्ही लगन झाल्यावर मले त्या तलावाखालच्या पोट्टीची गोष्ट सांगतली होती. तेच काहून नाही लिहत? तिचा वास तं बराबर आहे.”

ती गोष्ट खेमराजची नव्हती. ती बेबीबाईची होती.

बेबीबाई ही खेमराजची मोठी बहीण, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. त्यांचं घर मोहाडीजवळच्या गावी तलावाच्या पाळीला लागून. बाप मासे धरायचा, तलावात शिंगाडे लावायचा. माय बाजारात बसायची. आणि दुपारभर घरी हे दोघं. बेबीबाई जाळं विणायची. बांबूची वीतभर चपटी सुई, तिच्यावर दोरा गुंडाळलेला, आणि हात असे चालायचे की बघणाऱ्याला वाटावं जाळं आधीच हवेत होतं, ही फक्त त्याला गाठी मारून राहिली. विणता विणता ती गोष्ट सांगायची, आणि त्या गोष्टीला एक कायदा होता. सुईतला दोरा संपला की गोष्ट थांबली. वाक्याच्या मध्यात थांबली तरी थांबली. दुसऱ्या दिवशी नवा दोरा, पुढची गोष्ट. आणि ज्याने जाळं सुरू केलं त्यानेच शेवटची गाठ मारायची. दुसऱ्याच्या हाताची गाठ मासोळी ओळखते, म्हणायचे. गोष्टीचा शेवट त्या शेवटच्या गाठीला. त्याच्या आधी नाही.

सुई भरून ठेवायचं काम लहान खेमराजकडे असायचं. गोष्ट लांबावी म्हणून तो इतका दोरा गुंडाळायचा की सुई जाळ्याच्या घरातून जाईना. मग पाठीत धपाटा, आणि अर्धा दोरा उलगडताना त्याला वाटायचं आपल्यासमोर राज्यंच्या राज्यं उलगडून चालली आहेत.

गोष्ट अशी होती की तलावाच्या तळाशी एक गाव आहे. आपल्या तलावाचं पाणी हे त्या गावाचं आभाळ. आपला डोंगा म्हणजे त्यांचा ढग. आपण जाळं फेकलं की त्यांच्याकडे जाळीदार सांज होते. त्या गावात शिंगाड्याच्या फळातून एक मुलगी जन्मली, तिच्या डोक्याला दोन शिंगं, म्हणून नाव शिंगाडी. तिला एकच ध्यास: आभाळाच्या वर काय आहे ते पाहायचं. गावातले म्हातारे म्हणाले, वर काही नसते बाई, वर फक्त वर असते. ती ऐकेना. ती कमळाच्या देठावरून चढू लागली. चढायला कितीतरी सुया लागल्या. वाटेत गोगलगायीचा नाका लागला, आंधळ्या मरळ माशाचं राज्य लागलं. शेवटी एके दिवशी ती वर पोचली आणि कमळाच्या मिटलेल्या कळीत जाऊन बसली. सकाळी कळी उघडणार, आणि शिंगाडीला वरचं जग दिसणार.

तिथे दोरा संपला.

त्याच आठवड्यात बेबीबाईचं लग्न झालं आणि ती अड्याळला गेली. तिकडे पवनी तालुक्यात, भंडाऱ्याला बस बदलून. अर्धं जाळं घराच्या आड्याला लटकत राहिलं. शेवटची गाठ तिचीच, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. नंतर बाजारात तयार नायलॉनची जाळी आली आणि गरजही उरली नाही. खेमराज तेव्हा अकरा वर्षांचा होता. ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

मधल्या काळात तो दर भाऊबीजेला अड्याळला जायचा आणि ओवाळून झालं की विचारायचा, “बाई, मंग पुढं काय झालं त्या पोट्टीचं?” बेबीबाई म्हणायची, “जाळं आणलं काय?” तो हसायचा, ती हसायची, आणि ताटात अनारसे पडायचे. सव्वीस वर्षं हा विनोद चालला. दोघांपैकी एकाला तो विनोद वाटत नव्हता, पण कुणाला, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

ज्योत्सनाच्या सांगण्यावरून खेमराजने तलावाखालचं गाव लिहायला घेतलं आणि त्याचा हात सुटला. दोन वर्षांत चारशे पानं झाली, सगळी बाद झालेल्या अर्जांच्या मागच्या बाजूला. गोगलगायीच्या नाक्यावर शिंगाडीकडे रहिवासी दाखला मागतात आणि ती म्हणते, मी शिंगाड्यात जन्मली, शिंगाडा खाऊन टाकला, आता पुरावा कुठून आणू; हे प्रकरण वाचून मी वर्गात एकटाच हसलो होतो आणि मुलांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. हे लिहायला पंधरा वर्षं कडुनिंबाखालीच बसावं लागतं.

मीच त्याला ते कागद नागपूरच्या एका प्रकाशकाकडे पाठवायला लावले. महिन्याभराने तिथल्या संपादकांचा फोन आला. मी समोरच होतो. खेमराज उभा राहून बोलत होता, तहसीलदार आल्यावर राहतो तसा.

संपादक म्हणाले की लिखाण आवडलं, मनापासून आवडलं. पण कादंबरी कळीत थांबते. शेवट कुठे आहे? “आणि दुसरं,” ते म्हणाले, “पान एकशे बाराच्या मागे कुणा वासुदेवरावांचा विहिरीचा अर्ज आहे, तो एकशे तीसच्या मागे पुन्हा आहे, दोनशे चारला स्मरणपत्र आहे. आमच्या ऑफिसात सगळे विचारताहेत, त्यांना विहीर मिळाली का? आम्हाला दोन्ही बाजूंचा शेवट पाठवा.”

फोन ठेवून खेमराज खाली बसला. “शेवट माझ्यापाशी नाही जी सर,” तो म्हणाला. “शेवट बाईपाशी आहे.”

“मग तुम्हाला काही सुचत नाही का? लेखक तुम्ही आहात.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढवायला मी त्याला सांगितलं होतं. “सुचते ना. रोज सुचते. पण ते खोटं वाटते.”

तो त्या संध्याकाळी जाळं शोधू लागला. आड्याला नव्हतं, कारण आडंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी घरावर स्लॅब पडला होता. माळ्यावर नव्हतं, धानाच्या कोठीमागे नव्हतं. शेवटी त्याने ज्योत्सनाला विचारलं. ती भाजी फोडणीला टाकत होती.

“ते जुनं जाळं? ते तं मांगच्या सांदवाडीत आहे. वालाच्या वेलावर टाकलं. वानरं येत नाही.”

“केव्हापासून?”

“चार वर्ष झाले. तुम्ही रोज शेंगा खाऊन राहिले ना जी.”

दोन वर्षं खेमराज तलावाखालच्या गावातल्या प्रत्येक गोगलगायीचा पत्ता लिहीत होता, आणि घरामागे दहा पावलांवर आपलं जाळं वेलाखाली दबलेलं त्याला दिसलं नव्हतं. ज्योत्सना रागावणार होती, पण तिने त्याचा चेहरा पाहिला आणि गॅस बंद करून कोयती घेऊन स्वतःच मागे गेली. वेल सोडवायला दोघांना रविवारची सकाळ लागली. काही वेल गाठींत इतके गुंतले होते की ते जाळ्यासकटच आणावे लागले.

त्या रविवारी मी माझी मोटरसायकल काढली. खेमराज मागे बसला. मांडीवर जाळ्याचं बोचकं, छातीशी चारशे पानांची पिशवी. भंडाऱ्यापर्यंत तो बोलत होता. भंडारा सोडल्यावर नुसती बोचक्याची गाठ चाचपत होता.

बेबीबाई अड्याळच्या बाजारात मासोळी विकते. चेहऱ्यावर ऊन, कपाळावर मोठं कुंकू, आवाज बाजाराच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. तिचे मालक बाजाराचं सामान आणायला गेले होते. खेमराजने ओसरीवर बोचकं सोडलं.

“हे काय आणलं गा? वेल की जाळं?”

“जाळं. तू म्हणत होती ना बाई, जाळं आणलं काय.”

“याले तं शेंगा लागल्या.” तिने एक शेंग तोडून उघडली, दाणा तोंडात टाकला. मग तिचा हात जाळ्यावरून फिरत फिरत एका ठिकाणी थांबला. शेवटच्या ओळीची शेवटची गाठ. ती उठून आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बांबूची चपटी सुई होती, आणि सुईवर दोरा गुंडाळलेला होता. तपकिरी, जुना, पण पूर्ण भरलेला.

खेमराज पाहत राहिला. “हे भरली कोणं?”

“तूच भरली होती. वरातीच्या आदल्या दिवशी. जास्तच भरली, नेहमीसारखी.”

सव्वीस वर्षं ती भरलेली सुई सासरी ट्रंकेत होती. मी ओसरीच्या खांबाकडे पाहू लागलो. तिथे कॅलेंडर होतं, ते वाचलं.

बेबीबाईने वेल बाजूला सारले, फाटलेली घरं आधी सांधली आणि विणायला लागली. बोटांना काही आठवावं लागलं नाही. खेमराज पुढे सरकून बसला, अकरा वर्षांचा असताना बसत असेल तसा, गुडघे पोटाशी घेऊन.

“सांग आता. पोट्टी कळीत बसली होती.”

“अखीन तठीच बसली काय ते? बाप्पा, कंबर धरली असन तिची.”

तो हसला नाही. वाट पाहत राहिला. गाठी पडत गेल्या, एक ओळ, दोन ओळी. बेबीबाई गोष्टीकडे वळेना. सुई हलकी होत चालली होती, आणि मला त्या बिचाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघवेना.

“बाई, दोरा संपन.”

“खेमू,” ती खाली पाहतच म्हणाली, “मले पुढचं नाही माहीत.”

“विसरली काय?”

“विसराले आधी माहीत तं पाहिजे. मी कुठं गेली होती तेव्हा? पाळीच्या पल्याड मोहाडीचा बाजार, बस. त्या पोट्टीनं कळीतून डोकं काढलं तं तिले दाखवू काय? म्हटलं बसू दे तिले कळीत, उद्या सुचन. अन् मंग वरात आली.”

“पण आता तं पाहलं ना तू. आता सांग.”

“आता काय पाहलं?” तिने सुईने अंगणापलीकडे दाखवलं. “पाळ बदलली. हा तलाव मोठा आहे, एवढंच.”

दोघंही हसले, आणि ते हसणं लवकर संपलं. ज्या शेवटासाठी खेमराज सव्वीस वर्षं ताटातले अनारसे मोडत होता, तो शेवट नव्हताच. कधीच नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी सांगू शकणार नाही. सातबाऱ्यावर ज्याचं नाव निघालंच नाही असा माणूस मी त्याच्याच टेबलापुढे पाहिला आहे, तसं काहीतरी.

बेबीबाईनेच पिशवीकडे बोट केलं. “अन् त्याच्यात काय आहे?”

“शिंगाडी.”

“वाच मंग. मी विणून राहिली.”

त्याने पहिलं पान काढलं. आधी आवाज अर्जासारखा येत होता, एकसुरी. मग डोंग्याची सावली गावावरून सरकली आणि आवाज मोकळा झाला. बेबीबाई मध्येच म्हणाली, “शिंगं तीन काहून केले? दोनच होते,” आणि त्याने तिथल्या तिथे बॉलपेनने एक शिंग खोडलं. शिंगाडी घर सोडते तिथे तिची माय देठाला हात लावून उभी राहते, एवढंच खेमराजने लिहिलं आहे. तिथे गाठ मारायचा हात जरा थांबला आणि पुन्हा चालू झाला. गोगलगायीच्या नाक्यावर ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

आणि खेमराज वाक्याच्या मध्यात थांबला.

“वाच ना.”

“दोरा संपला,” तो म्हणाला.

तिने सुईकडे पाहिलं. खरंच संपला होता. तिने त्याच्याकडे एक धपाटा घालावा तसं पाहिलं. पण कायदा तिचाच होता.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. खेमराज दर रविवारी अड्याळला जातो. एका रविवारी एका सुईचं वाचतो. ज्योत्सना आता वालाच्या शेंगा बाजूला काढून ठेवते आणि सोबत देते. वेलावर तिने जुनी साडी टाकली आहे आणि वानरं ती साडी मानत नाहीत. जाळं वीस हाताचं ठरलं होतं, ते कधीच ओलांडलं. बेबीबाईने बाजारातून नायलॉनचं रीळ आणलं, मग दुसरं. आता ते ओसरीतून खाली उतरून अंगणात आलं आहे.

मधे मी एकदा सोबत गेलो होतो, तेव्हा विचारलं, “बाई, जाळं पूर्ण कधी होणार? नागपूरवाले थांबले आहेत.”

“मास्तर,” बेबीबाई म्हणाली, “शेवटची गाठ मारली तं हा कायले येईन अड्याळले? भाऊबीजेले येईन. अनारसा खाईन, जाईन.” आणि तिने पुढची ओळ सुरू केली. खेमराजने ऐकलं, असं मला वाटतं. तो पिशवीत पान शोधत होता. बराच वेळ शोधत होता.

शेवट लिहून झाला आहे. तीन पानं आहेत, कोऱ्या कागदावर. ते कागद त्याने मुद्दाम विकत घेतले, मागच्या बाजूला कुणाचं काही नाही. घडी करून शर्टाच्या खिशात, बॉलपेनाशेजारी. कळी उघडते का, उघडली तर शिंगाडीला काय दिसतं, हे ज्योत्सनालाही त्याने वाचू दिलेलं नाही. मी मागितलं तर म्हणाला, “बाईनं गाठ मारली का देतो जी.”

मागच्या सोमवारी मी टेबलाशी होतो तेव्हा नागपूरचा फोन आला. खेमराज उभा राहिला.

“हो जी. शेवट झाला जी. पण जाळं व्हाचं आहे.” पलीकडून पुन्हा विचारणा झाली. “जाळं. हो, मासोळीचं. किती राहिलं म्हणता?” त्याचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. “ते मलेही नाही माहीत जी.”

संपादक समजूतदार आहेत. ते म्हणाले, बरं, वासुदेवरावांचं तरी सांगा.

“ते झालं जी,” खेमराज म्हणाला. “विहीर झाली. तीस फुटावर पाणी लागलं.”

फोन ठेवून तो बसला, विटेचा तुकडा पायाने नीट सरकवला आणि समोर उभ्या असलेल्या बाईचा अर्ज ओढला. नाव, गाव, वय. शेवटच्या ओळीला आल्यावर पेन थोडं थांबलं. मग त्याने लिहिलं, वरील सर्व माहिती खरी व बरोबर आहे.